गळ्यातला क्रूस

२००६ साली हीथ्रो विमानतळावर ब्रिटिश एअरवेजच्या चेक-इन काउंटरवर काम करणाऱ्या नादिया एवेडा यांना वरिष्ठांनी बजावलं, गळ्यातला क्रूस गणवेशाच्या आत घाला, नाहीतर घरी जा. क्रूस चांदीचा, साधा, लहानसा. बाईंचे वडील इजिप्तचे, घराणं कॉप्टिक ख्रिस्ती. त्या घरी गेल्या आणि पगार थांबला. वर्तमानपत्रांतून गाजावाजा झाल्यावर कंपनीनं २००७च्या फेब्रुवारीत नियम बदलला. बाई कामावर रुजू झाल्या, पण मधल्या महिन्यांच्या पगारासाठी भांडत राहिल्या. ते भांडण थेट स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेलं. तिथं ब्रिटिश सरकारनं कंपनीच्या बाजूनं जे सांगितलं त्याचा मतितार्थ असा होता, की क्रूस उघडपणे घालणं हा ख्रिस्ती धर्माचा आवश्यक आचार नाही. धर्मानं जे सांगितलेलंच नाही, ते न करू दिल्यानं धर्मस्वातंत्र्यावर घाला कसा येतो?

१५ जानेवारी २०१३ रोजी निकाल लागला. एवेडा जिंकल्या. आपल्या ब्रँडची छबी जपण्याच्या कंपनीच्या इच्छेला ब्रिटिश न्यायालयांनी फाजील वजन दिलं, असं न्यायमूर्तींचं मत पडलं. त्याच निकालात दुसऱ्या एक बाई मात्र हरल्या. शर्ली चॅपलिन, एक्सेटरच्या एका इस्पितळातल्या परिचारिका. १९७१ साली दृढीकरण संस्कार झाल्यापासून त्यांच्या गळ्यात क्रूस होता. नवा, पुढून खुल्या गळ्याचा गणवेश आला आणि क्रूस दिसू लागला. खाटेवरच्या रुग्णानं साखळी ओढली तर दोघांनाही इजा होईल, हे इस्पितळाचं म्हणणं न्यायालयानं मान्य केलं. मला दोन्ही निकाल योग्य वाटतात. रुग्णाच्या हाताला लागेल अशी वस्तू परिचारिकेनं बाजूला ठेवावी. काउंटरवरच्या बाईच्या गळ्यातल्या चांदीच्या तुकड्यानं विमानाच्या उड्डाणात काय फरक पडणार होता?

पण ब्रिटिश सरकारचा तो मुद्दा मनातून जात नाही, कारण तो खरा आहे. अख्ख्या नव्या करारात क्रूस गळ्यात घालायची आज्ञा कुठंही नाही. शिखांना पाच ककार आहेत, आणि आपल्या संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदाच्या स्पष्टीकरणात कृपाण बाळगण्याचा नाव घेऊन उल्लेख आहे. ख्रिस्ती माणसाला बाप्तिस्मा आहे, भाकर आणि द्राक्षारस आहे. अंगावर वागवायची खूण सांगितलेली नाही. उलट, लोकांनी पाहावं म्हणून ताईत रुंद आणि झग्याचे गोंडे लांब करणाऱ्यांवर येशूनं कडक शब्दांत ताशेरे ओढलेत, ते मत्तयच्या शुभवर्तमानात कुणीही वाचावेत.

तरीही माझ्या वसईत बाळ बाप्तिस्म्याहून घरी आलं, की आठ दिवसांत कुणीतरी आत्या-मावशी सोन्याचा क्रूस घेऊन येतेच. मी त्याच वसईची. माझ्या गळ्यात क्रूस आहे आणि तो काढायचा माझा विचार नाही. पण घालावा की घालू नये, असं कुणी विचारलं तर मी आधी दोन गोष्टी विचारते. तो कुणाच्या हातानं गळ्यात आला? आणि घालणाऱ्याला तो वाचता येतो का? हे प्रश्न मी का विचारते ते सांगायला मला बरंच मागं जावं लागेल.

रोमन साम्राज्यात क्रूस हे मारण्याचं हत्यार होतं, आणि तेही हलक्या समजल्या गेलेल्या माणसांसाठी राखलेलं. गुलाम, बंडखोर, दरोडेखोर. रोमन नागरिकाला ही शिक्षा सहसा होत नसे. इसवी सनापूर्वी ७१ साली स्पार्टाकसचं बंड मोडल्यावर सहा हजार गुलामांना कापुआ ते रोम या आप्पियन रस्त्याच्या कडेनं ओळीत क्रूसांवर टांगलं होतं. सिसेरोसारख्या वकिलानं भर सभेत म्हटलं होतं, की क्रूस हा शब्दसुद्धा रोमन नागरिकाच्या कानांपासून आणि मनापासून दूर राहिला पाहिजे. अशा वस्तूवर आपला देव मेला, हे सांगत हिंडणाऱ्या लोकांना रोमकर वेडे समजत. रोमच्या पॅलाटाइन टेकडीवर १८५७ साली उत्खननात एक भिंत सापडली. तिच्यावर टोकदार वस्तूनं कोरलेलं एक ओबडधोबड चित्र आहे. क्रूसावर एक माणूस, त्याचं डोकं गाढवाचं. खाली दुसरा माणूस हात वर करून उभा. शेजारी वेड्यावाकड्या ग्रीक अक्षरांत लिहिलंय, की अलेक्सामेनोस नावाचा माणूस आपल्या देवाची भक्ती करतोय. हे चित्र साधारण इसवी सन २००च्या आसपासचं मानतात. क्रूसावरच्या ख्रिस्ताची जी चित्रं आज शिल्लक आहेत, त्यांतलं बहुधा सगळ्यांत जुनं हे. ते भक्तानं काढलेलं नाही, टवाळखोरानं काढलंय.

त्या काळचे ख्रिस्ती स्वतः मासा काढत, जहाजाचा नांगर काढत, खांद्यावर कोकरू घेतलेला मेंढपाळ काढत. कपाळावर बोटानं क्रूसाची खूण करत, हे तर्तुल्लियन या ख्रिस्ती लेखकानं तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला नोंदवलंय. ती खूण हवेत विरून जाई, धातूची होत नसे. चौथ्या शतकात कॉन्स्टंटाइन बादशहा ख्रिस्ती धर्माच्या बाजूला आला, क्रूसाची शिक्षा बंद झाली, आणि मग हळूहळू क्रूस चर्चमध्ये, नाण्यांवर, ढालींवर दिसू लागला. क्रूसावर तडफडणारा माणूस प्रत्यक्ष पाहिलेली पिढी गेल्यावरच तो दागिना होऊ शकला, असं मला वाटतं.

गळ्यातल्या क्रूसाच्या अगदी जुन्या नोंदींपैकी एक माझी फार आवडती आहे. कप्पदुकियातली माक्रिना नावाची बाई. तिच्या घराण्यात मोठे धर्मपंडित होऊन गेले. ती मात्र आपल्या वाड्यातल्या दासींबरोबर एका पंगतीला बसून, त्यांच्यासारखंच काम करून मठ चालवत होती. ३७९ साली ती वारली. प्रेताला कपडे घालताना वेतिआना नावाच्या सोबतिणीला तिच्या मानेभोवती एक बारीक दोरा लागला. दोऱ्याला एक लोखंडी क्रूस आणि एक लोखंडी अंगठी. धाकटा भाऊ निस्साचा ग्रेगरी शेजारी उभा होता. त्यालाही आयुष्यात कधी दिसलं नव्हतं, की बहिणीच्या गळ्यात असं काही आहे. क्रूस वेतिआनाला मिळाला, अंगठी त्यानं ठेवून घेतली, आणि ही हकिकत बहिणीच्या चरित्रात लिहून ठेवली. श्रीमंत घरची मुलगी, आणि क्रूस लोखंडाचा!

पुढं मात्र क्रूसाचा मालक बदलत गेला. १०९५ साली पोप दुसऱ्या अर्बननं हाक दिल्यावर हजारो माणसांनी कापडी क्रूस खांद्यावर शिवून घेतले आणि तलवारी घेऊन जेरुसलेमकडे निघाले. वाटेत ऱ्हाईनकाठच्या ज्यूंची त्यांनी कत्तल केली, तीही तोच क्रूस अंगावर ठेवून. त्याच्या थोडंच आधी, अकराव्या शतकाच्या सुरुवातीला, कैरोत नेमकं उलट घडलं होतं. फातिमी खलिफा अल-हाकिम यानं ख्रिस्ती प्रजेला हातभर लांबीचे, जड लाकडी क्रूस गळ्यात अडकवायची सक्ती केली. ते भूषण म्हणून नव्हतंच, अपमान म्हणून होतं. बाजारात, हमामात, सगळीकडे ख्रिस्ती माणूस लांबूनच ओळखू यावा म्हणून. त्याच इजिप्तमधले कॉप्टिक ख्रिस्ती आजही उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूला लहानसा क्रूस गोंदवून घेतात. तो साहेबानं सांगितलं म्हणून काढून ठेवता येत नाही. नादिया एवेडा कुठल्या लोकांतून आल्या होत्या, हे स्ट्रासबर्गचा निकाल वाचताना लक्षात ठेवलं, की चांदीच्या त्या तुकड्यासाठी सहा वर्षं भांडण्याचा अर्थ उमगतो.

या सगळ्यात मराठी माणसासाठी सगळ्यांत महत्त्वाचा क्रूस मात्र इंग्लंडातल्या वाँटेज या गावचा आहे. तो पंडिता रमाबाईंनी नाकारला.

रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या तेव्हा पंचवीस वर्षांच्या होत्या. नवरा वारलेला, कडेवर मनोरमा, बरोबर सोबतीण आनंदीबाई भगत. वाँटेजच्या कम्युनिटी ऑफ सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन सिस्टरांच्या मठात त्या उतरल्या. या सिस्टरांची पुण्यात शाखा होती. पंचहौद मिशन ते हेच. वाँटेजला पोचल्यावर थोड्याच काळात आनंदीबाईंनी जीव दिला. त्या धक्क्यातून रमाबाई सावरल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी तिथंच त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. सिस्टर जेराल्डीन त्यांच्या धर्ममाता झाल्या.

आता एवढं झाल्यावर बाईंनी सांगितलं तसं वागावं, अशी मठाची अपेक्षा असणं समजण्यासारखं आहे. रमाबाई तशा वागल्या नाहीत. मांस-अंडी त्यांनी खाल्ली नाहीत ती नाहीतच. चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, असा आग्रह मुंबईच्या आणि लाहोरच्या बिशपांनी धरला. रमाबाईंनी उलट विचारलं, आपल्या देशात मी पुरुषांच्या सभांत बोलत आले, आता काय झालं? आणि क्रूसाची गोष्ट निघाली. सिस्टरांच्या क्रूसावर लॅटिन अक्षरं कोरलेली. रमाबाईंचा क्रूसाला नकार नव्हता, लॅटिनला होता. घालायचाच असेल तर त्यावर संस्कृत शब्द हवेत, असं त्यांनी सिस्टर जेराल्डीनना कळवलं. लॅटिन ही काही जास्त पवित्र भाषा नाही. संस्कृतलाही मी देवांची भाषा मानत नाही, पण ती माझ्या देशाची जुनी आणि सुंदर भाषा आहे. लॅटिन ना मला कळते, ना माझ्या देशातल्या माणसांना. मग जे कळत नाही ते मी छातीवर का मिरवू?

ही पत्रं १९७७ साली अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं इंग्रजीत प्रसिद्ध केली. ती सिस्टर जेराल्डीननीच जपून ठेवली होती. रमाबाईंच्या त्या हट्टात सिस्टरांना अहंकार दिसला. मला त्यात अनंतशास्त्री डोंगऱ्यांची मुलगी दिसते. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून ज्या बापाला शास्त्र्यांनी जाब विचारला, जो गंगामूळच्या रानात जाऊन राहिला, त्याची मुलगी. न कळणारे मंत्र बायकांच्या अंगावर कसे घातले जातात, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? दुसऱ्या एका पत्रात रमाबाईंनी स्पष्टच कळवलं, की हिंदुस्थानातल्या भटाभिक्षुकांचं जोखड मोठ्या कष्टानं नुकतंच उतरवलंय, तसलंच दुसरं मानेवर घ्यायची माझी तयारी नाही. जोखड आणि क्रूस, दोन्ही मानेवरच येतात. कुठलं कुणी घातलं, हे त्या चांगलं ओळखून होत्या.

शुभवर्तमानही रमाबाईंच्या बाजूचं आहे, याचं मला फार समाधान वाटतं. योहान लिहितो, की येशूच्या डोक्यावर पिलातानं जी पाटी लावली ती हिब्रू, लॅटिन आणि ग्रीक अशा तिन्ही भाषांत होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्या पुष्कळांनी ती वाचली. पहिल्या क्रूसावरची अक्षरं वाटसरूंना वाचता यावीत अशी होती. पुढल्या शतकांनी त्यातली एकच भाषा ठेवली, लॅटिन, आणि पाटीची चार आद्याक्षरं केली, INRI.

रमाबाईंच्या मागणीलाही एक उणेपणा होता, तो लपवायचं कारण नाही. संस्कृत तरी किती जणींना कळत होतं? पण रमाबाई तिथं थांबल्या नाहीत. दुष्काळात उचलून आणलेल्या, अक्षरशून्य, सगळ्या जातींच्या शेकडो मुली-बायका केडगावच्या मुक्तिसदनात राहू लागल्या, तेव्हा त्यांनी संस्कृत बाजूला ठेवलं. हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या बाईला वाचून कळेल अशा मराठीत अख्खं बायबल उतरवायला बसल्या. ते त्यांच्याच छापखान्यात मुलींनी जुळवलं. ५ एप्रिल १९२२ला रमाबाई गेल्या तेव्हा भाषांतराचं काम हातावेगळं झालं होतं.

आमच्या वसईला लॅटिनचं जोखड चांगलंच ठाऊक आहे. १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीज इथं होते. चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले, आमचे पूर्वज मळ्यांत राहिले आणि त्यांची मिस्सा लॅटिनमध्येच चालू राहिली. माझ्या आजीला लॅटिन लदीन, म्हणजे लितानीची प्रार्थना, तोंडपाठ होती, अर्थ एका ओळीचाही सांगता येत नसे. १९६२ ते ६५च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मराठी मिस्सा सुरू झाली आणि पहिल्यांदाच म्हाताऱ्यांना कळलं, की इतकी वर्षं आपण काय म्हणत होतो. पण गळ्यातल्या आणि रस्त्यावरच्या क्रूसावर तीच चार लॅटिन अक्षरं राहिली.

रस्त्यावरचे क्रूस हा वेगळाच ऐवज आहे. वसईत, उत्तनला, वांद्र्याला, गिरगावच्या खोताच्या वाडीत वळणावळणावर ते उभे दिसतात. कुणी नवस फेडायला बांधलेले, कुणी अपघाताच्या जागी, आणि मुंबईतले पुष्कळसे १८९६च्या प्लेगनंतर, मरी गल्लीत शिरू नये म्हणून. मे महिन्यात संध्याकाळी वाडीतली माणसं तिथं जमून प्रार्थना म्हणतात, नंतर उकडलेले चणे वाटले जातात. शेजारच्या हिंदू घरातली मुलंही चण्याला येतात. गोव्यात बांबोळीच्या फुलांच्या खुरसापाशी तर हार घेऊन येणाऱ्यांत हिंदू किती आणि ख्रिस्ती किती, हे सांगणं अवघड. हा क्रूस सगळ्या गल्लीचा असतो. तो कुणाच्या एकट्याच्या श्रद्धेची जाहिरात करत नाही, म्हणून तो बहुधा कुणाला खुपतही नाही.

गळ्यातल्याचं तसं नसतं. वसईतल्या सोनाराच्या पेढीवर लग्नसराईच्या दिवसांत थोडा वेळ बसलं, की बरंच काही समजतं. मखमली ट्रेमध्ये दोन जातींची पेंडलं वेगवेगळी लावलेली असतात. येशू असलेला क्रूस आणि नुसता क्रूस. माझ्या ओळखीचे एक सोनार जैन आहेत. गिऱ्हाईक कॅथलिक की प्रोटेस्टंट हे ते तोंड उघडायच्या आत ओळखतात, कारण कॅथलिकाचा हात पहिल्या रांगेकडे जातो आणि प्रोटेस्टंटाचा दुसरीकडे. त्यांनी एक पेंडल तळहातावर उताणं करून दाखवलं. पुढून शरीर उठावाचं, बरगड्यासुद्धा मोजता येतील असं. डोक्यावरची पट्टी तांदळाच्या दाण्याहून बारीक, तिच्यावरची अक्षरं भिंगाशिवाय दिसणार नाहीत. मागून सगळं पोकळ. वजन कमी भरावं म्हणून. सोनं महागलं तसतसे क्रूस पोकळ होत गेले, असं ते म्हणाले. ते हिशेबाचं बोलत होते.

आणखी एक प्रकार त्यांच्याकडे हल्ली जास्त खपतो. काळ्या मण्यांच्या मंगळसूत्रात वाट्यांच्या जागी क्रूस. नगर, जालना, पुणे, सोलापूर या भागांतल्या मराठी ख्रिस्ती बायका ते सर्रास घालतात. केरळातल्या सीरियन ख्रिस्ती नवरीच्या मिन्नूवर, म्हणजे मंगळसूत्राच्या पदकावर, सोन्याच्या बारीक मण्यांचा क्रूस असतो आणि तो मंत्रकोडीतून, म्हणजे लग्नातल्या साडीतून, काढलेल्या सुतात ओवतात. त्याचीच ही मराठी बहीण. एकाच पेंडलात सौभाग्य आणि श्रद्धा दोन्ही आल्यानं गाडीत, बाजारात कुणी फिरून पाहत नाही. काही धर्मगुरूंना यात भेसळ दिसते. मला त्यात रमाबाईंच्या मागणीचं उत्तर दिसतं. त्या बायकांनी क्रूस आपल्या भाषेत लिहून घेतला.

क्रूस न घालणाऱ्यांचं म्हणणंही तितक्याच गांभीर्यानं ऐकायला हवं. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ साली मुंबईत आणि १८३१ साली नगरला आले, ते प्युरिटन परंपरेतले. त्यांच्या लेखी गळ्यातला क्रूस म्हणजे पोपची रीत, मूर्तिपूजेची पहिली पायरी. त्यांनी घडवलेल्या मराठी मंडळ्यांत प्रवचन आणि गायन यांना मान होता, वस्तूला नव्हता. नारायण वामन टिळकांची ख्रिस्तभक्ती अभंगात आणि कीर्तनात उतरली ती याच वातावरणात. १९७० साली नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, या मंडळ्या तिच्यात सामील झाल्या आणि छातीवर क्रूस रुळणारे बिशप त्यांनाही मिळाले. जुन्या पिढीतल्या काहींना ते शेवटपर्यंत रुचलं नाही. केरळातले जुन्या वळणाचे पेंटेकोस्टल तर सोनंच अंगाला लावत नाहीत, मग क्रूस कुठला. येशूनं क्रूस उचलायला सांगितला होता, घालायला नव्हे, हे वाक्य प्रत्येक ख्रिस्ती माणसानं उपवासकाळातल्या एखाद्या प्रवचनात ऐकलेलं असतं. ते बरोबरच आहे. पण ते बोलणारे फादर स्वतः क्रूस घालून बोलत असतात, आणि त्यात मला विसंगती वाटत नाही. रोज आरशात दिसणारी वस्तू माणसाला काही गोष्टी करू देत नाही. लाच घेणारा हात गळ्याजवळ आला की चाचरतो, हे मी पाहिलंय.

सरकारांची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण तिथं श्रद्धेपेक्षा सत्तेचाच विचार जास्त असतो. फ्रान्सनं २००४ साली सरकारी शाळांतून ठळक धार्मिक खुणांना बंदी घातली. लहान क्रूस चालतो, मोठा चालत नाही. बव्हेरियानं २०१८ साली बरोबर उलटं करून सरकारी इमारतींच्या प्रवेशदारी क्रूस लावायचा हुकूम काढला, तेव्हा म्युनिकचे कार्डिनल मार्क्स यांनीच त्यावर टीका केली. क्रूसाला निव्वळ संस्कृतीची खूण ठरवलं तर त्याचा अर्थच उरत नाही, असं त्यांचं म्हणणं. आपल्याकडे २०२२च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयात हिजाबच्या प्रकरणाची सुनावणी सुरू असताना रुद्राक्ष आणि क्रूस यांचा विषय निघाला. ते कपड्यांच्या आत असतात, दिसत नाहीत, असं न्यायमूर्ती हेमंत गुप्ता म्हणाले. म्हणजे आत असेल तोवर हरकत नाही. माझा क्रूस या सवलतीत सुरक्षित आहे, आणि वर्गातल्या मुसलमान मुलीचा रुमाल नाही. या सुरक्षिततेचं मला सुख वाटत नाही.

पण भारतात हा प्रश्न खरा पेटतो तो वेगळ्याच ठिकाणी. तामिळनाडूतल्या रामनाथपुरम जिल्ह्यात अनुसूचित जातीत जन्मलेल्या एका डॉक्टर बाईंनी ख्रिस्ती माणसाशी लग्न केलं. मुलं ख्रिस्ती वळणानं वाढवली. अधिकारी त्यांच्या दवाखान्यात पाहणीला गेले तेव्हा भिंतीवर क्रूस टांगलेला दिसला. तेवढ्यावरून बाईंनी धर्मांतर केलं असं ठरवून त्यांचा जातीचा दाखला रद्द झाला. प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेलं. २०२१च्या ऑक्टोबरमध्ये खंडपीठानं तो आदेश मोडीत काढला. बाई नवऱ्याबरोबर चर्चमध्ये जात असतील, भिंतीवर क्रूस असेल, म्हणून त्यांनी आपली मूळ श्रद्धा सोडली असा अर्थ निघत नाही, असं न्यायालयानं म्हटलं आणि अधिकाऱ्यांच्या संकुचित वृत्तीवर बोट ठेवलं. निकाल चांगला लागला. पण तोवर भिंतीवरचा एक क्रूस सरकारी कागदात पुरावा म्हणून चढला होता.

याच्या मुळाशी १९५०चा राष्ट्रपतींचा आदेश आहे. अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना, १९५६ पासून शिखांना आणि १९९० पासून बौद्धांना. ख्रिस्ती आणि मुसलमान दलितांना अजून नाही. कागदावरचा धर्म बदलला की शिष्यवृत्ती, वसतिगृह, नोकरीतली राखीव जागा, सगळं जातं. गावकुसाबाहेरचं घर, नाव आणि लोकांची नजर तशीच राहते. मराठवाड्यात आणि नगरकडे अशी कितीतरी घरं आहेत, जिथं रविवारी मंडळी जमते, गाणी होतात, आजाऱ्यांसाठी प्रार्थना होते, आणि कुणाच्याही गळ्यात क्रूस नसतो. मुलगी बारावीला असते, दाखल्याची पडताळणी व्हायची असते. बायबल कपाटात कपड्यांच्या घड्यांखाली ठेवलेलं असतं. शहरातल्या आमच्यासारख्या ख्रिस्ती माणसांना हे लोक भित्रे वाटतात. तसं बोलताना मी आमच्याच धर्मग्रामातल्या लोकांना ऐकलंय. ज्याला क्रूस घातल्यानं काहीही गमवावं लागत नाही, त्यानं दुसऱ्याच्या मोकळ्या गळ्यावर बोलू नये.

२०२४च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयानं पुदुच्चेरीच्या एका प्रकरणात उलट टोकाचं सांगितलं, की बाप्तिस्मा घेऊन नेमानं चर्चला जाणाऱ्या बाईनं केवळ आरक्षणासाठी हिंदू असल्याचा दावा करणं ही संविधानाची फसवणूक आहे. कायद्याच्या चौकटीत हा निकाल बसतो. चौकटच चुकीची आहे असं मला वाटतं, कारण ती माणसाला पोट आणि श्रद्धा यांतलं एक निवडायला लावते. जात बाप्तिस्म्याच्या पाण्यानं धुऊन निघते, असा कायद्याचा समज आहे. तो खोटा आहे याची ग्वाही खुद्द आमच्या चर्चनं दिलीय. २०१६च्या डिसेंबरात भारतीय कॅथलिक बिशप परिषदेनं दलितांविषयीचं आपलं धोरण जाहीर केलं आणि चर्चच्या आत अस्पृश्यता पाळली जाते हे कबूल केलं. तामिळनाडूत काही ठिकाणी ख्रिस्ती दफनभूमीतसुद्धा जातीची भिंत आहे. दोन्ही बाजूंच्या थडग्यांवर क्रूस एकसारखे. २०२२च्या ऑगस्टमध्ये हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला कार्डिनल झाले, दलित समाजातले पहिले. दोन हजार वर्षांपूर्वी क्रूस हे गुलामाच्या मरणाचं साधन होतं, हे माहीत असलेल्या चर्चला भारतात इथवर पोचायला किती शतकं लागली, हे तारखा लावून पाहावं.

सर्व धर्मांतल्या दलितांना अनुसूचित जातीचा दर्जा द्यावा का, हे तपासायला केंद्रानं २०२२च्या ऑक्टोबरात माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला. मुदत दोन वर्षांची होती, ती वाढवावी लागली. आमच्या बिशपांनी, मंडळ्यांच्या पाळकांनी आणि वसई-मुंबई-गोव्याच्या सुस्थित ख्रिस्ती संघटनांनी या मागणीमागं आपलं सगळं बळ लावायला हवं. ज्या नेटानं आपण पाडलेल्या क्रूसासाठी मोर्चा काढतो, त्याच नेटानं. आणि तोवर नगर-मराठवाड्यातल्या त्या घरांत जाणाऱ्या आमच्या फादर-सिस्टरांना आणि पाळकांना माझं एवढंच सांगणं आहे, की प्रार्थनेला आलेल्या मुलीच्या हातात क्रूस ठेवायच्या आधी तिची पडताळणी झाली का ते विचारा, आणि नसेल झाली तर त्या कार्यालयात तिच्याबरोबर जा.